झोपलेला पाय

७ जानेवारी

ताई,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच आणि मग फाड. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडतसुद्धा नाहीस. पत्राचं बरं असतं, ते न विचारता दारात येऊन पडतं. पाकिटावरचं माझं कोंबडीचे पाय अक्षर बघून तुला कळलंच असेल, आला ढोल बडवायला.

तर हो, आलोच. बातमीच तशी आहे. ताई, जमलं!

आज एका चिमुरडीच्या पावलाचं ऑपरेशन झालं. तुझ्यासारखं, आपल्या टिचकीसारखं, जन्मापासून आत वळलेलं पाऊल. सर्जननी पायाच्या पुढच्या स्नायूची दोरी आतल्या बाजूने सोडवली आणि पावलाच्या मध्यावर, हाडात भोक पाडून, तिथे ओवून बसवली. वर गुडघ्यापर्यंत प्लास्टर. आता तूच सांग, एवढं झाल्यावर पोराने जागं होताना काय करावं? बोंब ठोकावी की नाही? ही बया डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "माझं बिस्कीट कुठंय?" वॉर्डच्या सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या, मी सिस्टरांकडे. पाय दुखतोय का विचारलं, तर म्हणाली, "नाही. बिस्कीट."

मी भूल देणारा माणूस, मला नाचता येत नाही. पण आज ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, बाहेर मी जे काही केलं त्याला नाचच म्हणावं लागेल, असं माझी ज्युनिअर म्हणते.

कसं जमलं ते सांगतो. मूल आधी वाफेच्या भुलीने झोपतं. मग आम्ही त्याला कुशीवर वळवतो आणि गुडघ्याच्या मागे सोनोग्राफीचं यंत्र टेकवतो. तेच, ज्यात तुला टिचकी पहिल्यांदा दिसली होती. पडद्यावर पायाची मोठी नस दिसते, मधाच्या पोळ्याचा तुकडा असावा तशी. पावलाचं दुखणं मेंदूपर्यंत नेणारी हीच ती चहाडखोर नस. सुई तिच्या शेजारी न्यायची, तिला टोचायचं नाही, आणि तिच्याभोवती बधिर करणारं औषध सोडायचं. पडद्यावर औषध नसेला वेढा घालताना दिसतं, बघ! तिथेच केसासारखी बारीक नळी ठेवायची. मग दोन-तीन दिवस त्या नळीतून थेंबथेंब औषध जात राहतं. सर्जनचं काम संपतं, आमचं चालूच असतं.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं. बाबांच्या घरी सगळ्यांसमोर तू मला म्हणालीस, "तुम्ही लोक झोपवता आणि निघून जाता. पुढचं आम्ही बघतो." मला लागलं ते. अजून लागतं. मी त्यावर काही बोललो नाही, आणि मी बोललो नाही हे आपल्या घराण्यात पहिल्यांदाच घडलं असेल. पण तेव्हापासून डोक्यात एकच घोळत होतं, की निघून न जाण्याची काहीतरी सोय करायची.

टिचकीचं मला सगळं कळतं. दाजींवर डोळे वटारू नकोस, मीच त्यांना खोदून विचारलं. पाऊल पुन्हा आत वळतंय, ती बाहेरच्या कडेवर चालते, चपला एकाच बाजूने झिजतात. तुमच्या तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय, उन्हाळ्याच्या आत केलं तर नुसत्या दोरीवर भागेल. पाऊल ताठर झालं की हाडं कापावी लागतील. आणि तू म्हणतेस, माझ्या मुलीला मी त्या खोलीत नेणार नाही.

तू लहानपणच्या तुझ्या ऑपरेशनचं आठवून बोलतेस, हे मला समजतं. मी तेव्हा बाबांच्या मांडीवर होतो, बाहेरच्या बाकावर. तुझा तो आवाज भिंतीतून येत होता. मी हा धंदा का धरला असं लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी थापा मारतो. खरं कारण तो आवाज आहे. कुणाचंही पोर इतकं दुखून ओरडता कामा नये, एवढंच मला तेव्हापासून कळतं.

म्हणून सांगतो, तो काळ गेला. तिला इथे घेऊन ये.

आणखी एक मुलगा होता आज, तो जरा रडला. पण ते चालायचंच, वाफेची भूल उतरताना मुलं बावचळतात.

तुझा,
ढोल


२२ जानेवारी

ताई,

दाजी म्हणाले, तू पत्र फाडलं नाहीस. दोनदा वाचलंस आणि डाळीच्या डब्यामागे ठेवलंस. डब्यामागे का होईना, घरात जागा मिळाली.

उत्तर मात्र नाही. पाकीट उघडताना मला वाटलं आलं, पण आत टिचकीचं चित्र निघालं. एक बाई, एक मुलगी, एक मांजर. बाईच्या पायात मोजे रंगवलेत, मुलीच्या आणि मांजराच्या नाहीत. पोरगी बारकाईने बघते हं. घरातसुद्धा मोजे घालून वावरणारी आई तिने बरोब्बर टिपली आहे.

आता मुद्द्यावर येतो. नाही, आधी आमच्या सर्जनबद्दल सांगतो. हातोडी, छिन्नी, करवत, स्क्रू यांच्यावर त्यांचं पोट, म्हणून आम्ही त्यांना मागून 'सुतार' म्हणतो. त्यांना कळलंय, ते ओ देतात. तर या सुतारांना माझी नळी पहिल्यापासून पसंत नाही. "दुखणं माझा पहारेकरी आहे," म्हणतात. "प्लास्टरच्या आत पाय सुजला, रक्त अडलं, तर मूल दुखतंय म्हणून ओरडतं आणि मी धावतो. तू माझ्या पहारेकऱ्याला झोपवतोस. मग मला कोण उठवणार?" मुद्दा खोटा नाही. मी म्हटलं, औषध पातळ देऊ, पहारेकरी पेंगेल पण झोपणार नाही, आणि सिस्टर तासातासाला बोटांचा रंग आणि ऊब बघतील. कुरकुरत तयार झाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी. फक्त माझं बाशिंग गुडघ्याच्या मागे होतं.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. बिस्कीटवालीसारखी मुलं बरीच निघाली, पण सगळी नाही. काही मुलं उठतात ती किंकाळी फोडतच. डोळे फिरवतात, हात झाडतात, सलाईन उपसतात. मी म्हणायचो, वाफेचा परिणाम, थोड्या वेळात जाईल. काहींचा जातो, काहींचा जात नाही.

काल वकील होता. पाच वर्षांचा मुलगा, नाव ठेवलं वॉर्डने, कारण तो प्रत्येक गोष्टीवर "पण का?" म्हणून उलटतपासणी घेतो. त्याचं ऑपरेशन छान झालं, नस पडद्यावर पुस्तकातल्यासारखी दिसली, औषध बरोबर तिच्याभोवती बसलं. आणि पोरगा उठला तो असा ओरडला, की बाहेर त्याच्या आईने दारावर थापा मारल्या. आमच्याकडे चेहऱ्यांचा एक तक्ता असतो, हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत. मूल बोट ठेवतं, त्यावरून किती दुखतंय ते कळतं. वकिलाने शेवटच्या, धो-धो रडणाऱ्या चेहऱ्यावर मूठ आपटली.

मी नळीतून आणखी औषध सोडलं. तो वाढत्या आवाजात ओरडला. मी आणखी थोडं सोडलं. ताई, पाय आता ओंडका झाला होता, चिमटा काढला तरी त्याला कळत नव्हता. आणि तरी तो ओरडत होता.

सुतार धावत आले. म्हणाले, सूज आहे, प्लास्टर आवळतंय, बघ म्हटलं होतं ना. फिरत्या करवतीने त्यांनी वरपासून खालपर्यंत प्लास्टर चिरलं, फाकवलं, आतला कापूस बाजूला केला. आणि पोरगा गप्प झाला. अक्षरशः बटण दाबल्यासारखा. हुंदके देत पायाकडे बघत राहिला आणि झोपला.

पाय सुजलेला नव्हता. बोटं गुलाबी, गरम. पण गप्प झाला हे सगळ्यांनी पाहिलं. सुतार मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "प्लास्टर घट्ट असणार. तुझ्या औषधाने आपल्याला उशिरा कळलं. पुढच्यापासून नळी नको, जुनंच चालू दे." आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त झोंबलं.

म्हणजे झालं. तुला मी ज्या भरवशावर बोलावत होतो, तो भरवसाच कालपासून बंद आहे. हे तुला कळवलं नसतं तरी चाललं असतं, पण मग उद्या टिचकीला घेऊन तू आली असतीस तर कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो?

प्लास्टरच आवळलं होतं असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

ढोल


३० जानेवारी

ताई, ताई, ताई!

फोन तूच ठेवलास, म्हणून लिहितोय.

कालचं तुला तुझ्या बाजूने माहीत आहे, आता माझ्या बाजूने ऐक. मी हात धुऊन, गाऊन चढवून उभा. ओटीतल्या सिस्टर फोन घेऊन आल्या आणि कानाला लावून म्हणाल्या, "तुमची बहीण म्हणते, आग लागली तरी चालेल पण द्या." मला वाटलं, बाबांना काही झालं. आणि तिकडून तू, इतक्या महिन्यांनी, ना कसा आहेस ना काही,

"ढोल्या, प्लास्टर फाकवल्यावर त्या पोराला काय दिसलं?"

मी म्हटलं, "काय दिसणार? पाय."

"मग?"

"मग काय? गप्प झाला."

"अरे गाढवा," तू म्हणालीस, "तेच विचारतेय. आधी कुणी त्याला पाय दाखवला होता का?"

मी तिथे दोन्ही हात वर धरून उभा, निर्जंतुक, आणि डोक्यात लख्ख प्रकाश. त्याला कसा दिसणार पाय? तो उताणा. पाय दोन उशांवर, वर गरम पांघरुणाचा तंबू, कारण मुलं गारठतात. झोपताना त्याला पाय होता. उठला तर कमरेखाली एका बाजूला काहीच नाही. आम्ही तक्ता पुढे धरून विचारतोय, किती दुखतंय? त्या तक्त्यावर 'माझा पाय गेला' असा चेहराच नाही! त्याने आपला सगळ्यांत वाईट होता तो निवडला. आणि मी शहाणा, पाय आणखी नाहीसा करत बसलो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. इतकी वर्षं मी ही म्हण दुसऱ्यांना उद्देशून वापरली.

मग तू ते पुढचं सांगितलंस. ते मी इथे पुन्हा लिहितोय, कारण मला ते नीट ऐकल्याची खात्री करायची आहे.

की तुला तेव्हा दुखत नव्हतं. पाठीत दिलेल्या इंजेक्शनाने तुझे पाय बधिर होते, अंगावर छातीपर्यंत चादर. तुला वाटलं, वाकडं होतं म्हणून पाऊल कापून टाकलं. ओरडायला तोंड उघडलं की सगळे विचारायचे, दुखतंय का, आणि तू मान हलवायचीस, कारण हो म्हटलं की कुणीतरी जवळ थांबायचं. मग ते सुई टोचून तुला झोपवायचे आणि निघून जायचे. जाग आली की पुन्हा तेच. आणि शेवटी इंजेक्शन उतरलं, पायात पहिला ठणका बसला, आणि तू रडायची थांबलीस. कारण दुखतोय म्हणजे आहे. आणि आई बाबांना म्हणाली, "बघा, लागू पडलं औषध."

ताई, आपल्या घरात तेव्हापासून तुझं नाव काय पडलं? नाजूक. हिला जरा दुखलेलं सोसत नाही. मीसुद्धा म्हटलंय. तू बाळंतपणात हूं की चूं केलं नाहीस, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं होतं. मला आता त्या आश्चर्याचं आश्चर्य वाटतंय.

आणि मी? मी तो आवाज ऐकून आयुष्यभराचा धंदा निवडला. दुखणं थांबवायचं म्हणून! तू दुखतंय म्हणून ओरडतच नव्हतीस. मला हसावं की रडावं कळेना. ओटीतल्या सिस्टरांनी विचारलं, "डॉक्टर, काय झालं?" मी म्हटलं, "माझी बहीण फार हुशार आहे." त्या म्हणाल्या, "मग रडताय कशाला?"

एवढी वर्षं तू हे कुणाला का सांगितलं नाहीस, असं मी फोनवर विचारलं. तू म्हणालीस, "विचारलं कुणी? सगळे दुखतंय का, एवढंच विचारायचे." आणि फोन ठेवलास.

मी आता विचारतोय. उशिरा विचारतोय, पण विचारतोय. आणखी काय काय होतं?

तुझा,
गाढव (पदोन्नती मिळाल्याबद्दल आभारी आहे)


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र पाच पानी! मी ते चहाच्या खोलीत वाचलं, मग जिन्यात वाचलं, मग पुन्हा चहाच्या खोलीत. त्यावर वेगळं लिहीन. तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी, नाहीतर पुन्हा गाढव म्हणशील.

पहिलं. खात्री कशावरून? तर मी स्वतःचा पाय झोपवून पाहिला. हसू नकोस. ज्युनिअरला म्हटलं, माझ्या गुडघ्यामागे दे. तिच्या चेहऱ्यावर साहेबाला सुई टोचायला मिळतेय याचा जो आनंद होता, तो लपवायची तसदी तिने घेतली नाही. सुतार देखरेखीला म्हणून आले, खरं तर गंमत बघायला. पांघरूण घातलं, डोळे मिटून पडलो. मला सगळं माहीत आहे, ताई. औषधाचं नाव, मात्रा, कधी उतरणार, सगळं. तरी थोड्या वेळाने घोट्याखाली जे काही नाहीसं झालं, त्याने मला दरदरून घाम फुटला. माझ्या मनाला पाय सापडेना. मी पांघरूण ओढून काढलं आणि पाऊल दोन्ही हातांनी धरलं. गरम होतं, पण दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं. मग ऐटीत उठायला गेलो आणि सुतारांच्या अंगावर कोसळलो.

सुतार मला सावरत म्हणाले, "काय रे, किती दुखतंय?" आणि मग ते स्वतःच माझ्या पायाकडे बघायला लागले. त्यांनाही तिथेच कळलं.

दुसरं. वकील प्लास्टर बदलायला आला होता. मी विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं, वकीलसाहेब?" तो माझ्याकडे चोर पकडल्यासारखा बघत म्हणाला, "तुम्ही माझा पाय घेतला होता. मग या काकांनी करवतीने आतून बाहेर काढला." सुतार खो-खो हसले. हाडाच्या डॉक्टराला मुलाने मिठी मारलेली मी प्रथमच पाहिली. मला मात्र त्याने हात लावू दिला नाही. मी त्याच्यासमोर खाली बसून सांगितलं, "पाय घेतला नव्हता, झोपवला होता. पण तुला सांगायला विसरलो, चूक माझी." तो म्हणाला, "पण का विसरलात?" आरोप मान्य करून सुटलो.

तिसरं, म्हणजे आता काय करतो. ऑपरेशनच्या आधी मुलाशी 'झोपलेला पाय' खेळतो. तुला माहीत आहे ना, बराच वेळ मांडी घातली की पायाला मुंग्या येतात, मग तो आपला राहत नाही? मुलांना हे पक्कं माहीत असतं, त्यांना फक्त आठवण द्यायची. पाय झोपणार, मग हळूहळू उठणार, उठताना मुंग्या येतील, हे आधीच सांगायचं. आईबापांनाही खेळात घ्यायचं. उठताना आई जवळ हवी, दाराबाहेर नको. आणि मूल डोळे उघडायच्या आधी पलंगाचा डोक्याकडचा भाग वर करायचा, तंबू काढायचा, बोटं समोर. 'दुखतंय का' हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न, 'हा कुणाचा पाय?' मग मुलाचा हात धरून त्याच्या बोटांवर ठेवायचा. औषधही मी आणखी पातळ केलंय. दुखू नये पण बोटं हलावीत, इतकं. सुतारांचा पहारेकरी त्यामुळे खूश आहे.

किंकाळ्या बंद झाल्या म्हणणार नाही, वाफेने बावचळणारी मुलं असतातच. पण ती शांत होतात, ताई. पाय धरून शांत होतात! काल एकाने आपल्या झोपलेल्या पायाला अंगाई म्हटली, इतकी बेसूर, की पाय उठून पळाला असता. वॉर्डच्या सिस्टरांनी तो तक्ता भिंतीवरून काढला नाही, पण त्याच्या शेजारी स्वतःच्या हाताने एक कागद चिकटवलाय, 'आधी पाय दाखवा.' सुतारांनी नळीला पुन्हा परवानगी दिली. त्यांना कुणीतरी विचारलं, ही कल्पना कुणाची? मी म्हणालो, माझ्या ताईची, ती नाजूक आहे.

चौथं, तू घाबरत घाबरत शेवटी विचारलंस ते. टिचकीला भूल मी देणार नाही. आपल्या माणसाला आपण देऊ नये. आमच्या मॅडम देतील. मी हे काम त्यांच्याकडून शिकलो आणि त्यांच्यापुढे मी अजूनही चळाचळा कापतो. मी फक्त मामा म्हणून येईन. पण जाणार नाही कुठे.

तिला आत्तापासून सांगायला लाग. पायाच्या प्रत्येक बोटाला वेगळ्या रंगाची नेलपॉलिश लाव, म्हणजे ओळख पटेल. मॅडमना हाताच्या बोटांवर रंग चालत नाही, पायाचा मी मंजूर करून घेतलाय, एका नखाची जागा मोकळी ठेवायच्या अटीवर. सिस्टरांना तिथे नखाचा गुलाबी रंग बघायचा असतो.

ये.

ढोल


११ मार्च

प्रिय टिचकी,

हे पत्र तुला आहे. आई वाचून दाखवेल. मध्येच ती थांबली तर म्हणायचं, "आई, पुढे."

तुझं ऑपरेशन झालं त्या दिवशी तू काय काय केलंस हे तुला आठवणार नाही, कारण मॅडमनी तुला आधी एक गोड औषध पाजलं होतं, ते आठवणी पुसून टाकतं. तू मोठी झाल्यावर घरातले तुला सांगतील, तू अशी ओरडलीस न् तशी ओरडलीस. घरातल्यांचं ऐकू नकोस. आपल्या घरातल्यांना ऐकण्यात फार चुका करायची सवय आहे. मी तिथे होतो, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतोय.

आत जाताना तू मॅडमना विचारलंस, "माझ्या पायाला गोष्ट कोण सांगणार?" मॅडम कधी हसत नाहीत. त्या हसल्या. मला ते पाहायला मिळालं, त्यासाठी तुझा जन्मभर ऋणी आहे.

मी आणि तुझी आई बाहेर बाकावर बसलो. मी बोललो, माझ्या नेहमीच्या वेगाने. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ढोल्या, गप." मग तिने माझा हात धरला, बोटं मोडतील इतका घट्ट, आणि सुतारकाका बाहेर येऊन "झकास" म्हणेपर्यंत सोडला नाही. तो हात अजून दुखतो. त्याला कुणी नळी लावत नाही.

मग तू उठायला लागलीस. डोळे मिटलेले, ओठ थरथरताहेत, आणि तू तोंड उघडलंस. टिचकी, तो आवाज मी ओळखला. मी लहान असताना तो एकदा भिंतीतून ऐकला होता. सिस्टर तक्त्याकडे वळल्या. तुझी आई मात्र जागची हलली नाही. तिने पलंगाचा डोक्याकडचा भाग वर केला, पांघरूण एका झटक्यात काढलं, तुझा हात धरला आणि तुझ्या बोटांवर ठेवला. लाल, पिवळं, हिरवं, मोकळं, जांभळं.

"हा कुणाचा पाय?" तिने विचारलं.

तू ओरडता ओरडता थांबलीस. लाल बोट चाचपलंस. पिवळं चाचपलंस. नाक ओढलंस आणि म्हणालीस, "माझा. हळू बोला, तो झोपलाय."

सिस्टरांनी डोळ्यांना पदर लावला, आणि सुतारकाकांना अचानक भिंतीवरचं घड्याळ फार मन लावून बघावंसं वाटलं. मला काय झालं ते लिहीत नाही.

मग बरंच नंतर, तुझं बिस्कीट खाऊन झालं, प्लास्टरवर चुरा सांडून झाला, तेव्हा तू आईला म्हणालीस, "तुझा पण झोपवला होता ना? मामाने सांगितलं." आई म्हणाली, हो. "मग तो उठला का?" आई म्हणाली, उठला. तू म्हणालीस, "दाखव."

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, मी आता उठून बाहेर जाईन. मी उठलो नाही. मी स्टूल पुढे ओढलं.

टिचकी, मी तुझ्या आईचा धाकटा भाऊ. एका घरात वाढलो, एका ताटात जेवलो, एकमेकांच्या झिंज्या उपटल्या. पण तिचं ते पाऊल मी ऑपरेशननंतर कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. तिने वाकून बूट काढला. मग मोजा धरला, आणि तशीच थांबली.

(आई थांबली का? म्हण, "आई, पुढे.")

आणि मग मोजा काढून तिने पाऊल तुझ्या पलंगावर ठेवलं, तुझ्या प्लास्टरला लागून. थोडं बारीक, घोट्यापाशी एक लांब पांढरी रेघ, बोटं जराशी आत वळलेली. तू पुढे वाकलीस, तिचा अंगठा धरून हलवलास आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशी ओरडलीस,

"आई, तुझा पण आहे की!"

तुझा,
मामा